ऑरेंज, टॅमवर्थ की टूवुम्बा: कंट्री रग्बीचा दर्जा मी कसा जोखला

एकाच आठवड्यात तीन नोकऱ्यांची पत्रं आली, ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज, टॅमवर्थ आणि टूवुम्बा या गावांतून. पगारात फारसा फरक नाही, काम तेच, शेतकऱ्यांच्या रानात जाऊन माती आणि पिकं बघायची. मग मी ठरवलं की जिथली कंट्री रग्बी, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरची क्लब रग्बी, सगळ्यात चांगली तिथे जायचं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अरे खेळासाठी कुणी गाव निवडतं का. निवडतात की. मी हूकर आहे, म्हणजे पुढच्या रांगेतला मधला खेळाडू, २८ वर्षांचा, अजून पाच-सहा वर्षं हातात आहेत आणि ती मला नीट खेळायची होती.

मी मूळचा कोल्हापूरचा. लहानपणी काकांबरोबर तालमीत जायचो, पुढे पुण्यात कॉलेजला असताना रग्बी लागली, आणि शेतीतल्या मास्टर्ससाठी न्यू साउथ वेल्समध्ये वागा वागाला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात क्लब शोधला. तिथे सदर्न इनलँड नावाची स्पर्धा आहे, वागातलेच तीन-चार क्लब आणि शिवाय ग्रिफिथ, लीटन, टुमुट, ऑल्बरी. ग्रिफिथची अवे मॅच म्हणजे एका बाजूने १८५ किलोमीटर. तीन सीझन मी तिथे खेळलो, पहिला अख्खा सेकंड ग्रेडला, म्हणजे क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये, नंतर फर्स्ट ग्रेडला, म्हणजे पहिल्या टीममध्ये. त्यामुळे आपली लेव्हल काय हे मला माहीत होतं, पण बाकीच्या झोनच्या, म्हणजे बाकीच्या विभागांच्या स्पर्धांच्या, तुलनेत सदर्न इनलँड कुठे बसतं हे काही केल्या कळत नव्हतं.

आधी लोकांना विचारलं. इथे सगळ्यांना वाटतं की आपलीच स्पर्धा भारी, आणि पुरावा म्हणून नावं फेकतात. टूवुम्बाचा माणूस लगेच टिम होरन आणि जेसन लिटल म्हणणार. दोघंही टूवुम्बाच्या शाळांत शिकले आणि दोघांनीही १९९१ आणि १९९९ असे दोन वर्ल्डकप जिंकले हे खरंच, पण त्यातून टूवुम्बाच्या शाळा तगड्या आहेत एवढंच कळतं, कारण क्लब रग्बी ते ब्रिस्बेनला साउथ्सकडून खेळले. वागात नेथन शार्पचं नाव घेतात, ११६ टेस्ट खेळलेला माणूस, जन्म वागाचा, पण रग्बी शिकला क्वीन्सलंडमध्ये. क्वीन्सलंड कंट्री या टीमने २०१७ ला एनआरसी ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकली हेही मला दोघांनी ऐकवलं, पण त्या टीममध्ये रेड्स या क्वीन्सलंडच्या व्यावसायिक टीमच्या करारातले बरेच खेळाडू होते, डाल्बी आणि रोमा अशा गावांच्या क्लबमधून उचललेली पोरं नव्हती ती. म्हणजे यातल्या कुठल्याच नावावरून शनिवारी दुपारी माझ्यासमोर कोण उभं राहणार हे कळत नाही.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, तालमीचं मोठेपण एका पैलवानावरून बघू नको, पहाटे जोर-बैठका काढणारी पोरं किती आहेत ती मोज. मला तेच धरून पुढे जायचं होतं हे तेव्हा लक्षात आलं. फर्स्ट ग्रेडमधल्या पहिल्या दोन टीम्स कुठल्याही झोनमध्ये चांगल्याच असतात. दर्जा कळतो तो तळाच्या टीमकडे बघून, आणि सेकंड ग्रेडला बेंचवर कोण बसलंय ते बघून.

मग ज्या शनिवारी आम्हाला बाय, म्हणजे मॅच नसलेला आठवडा, असेल किंवा माझ्या बरगडीला मार असल्यामुळे मी बसलेलो असेन, त्या शनिवारी गाडी काढायची असं सुरू केलं. ऑरेंज वागापासून साधारण ३०० किलोमीटर, ते सोपं. टॅमवर्थ साडेसहाशेच्या वर, त्यासाठी शुक्रवारची सुट्टी टाकली. टूवुम्बाला विमानाने ब्रिस्बेन आणि पुढे सव्वाशे किलोमीटर रस्त्याने. मधल्या वेळात ज्या मॅचेसचं स्ट्रीमिंग मिळेल ते बघायचं. पण स्ट्रीमिंगवर स्क्रम, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण भिडून बॉलसाठी ढकलतात ते, कळत नाही हो, कॅमेरा लांब असतो आणि पुढच्या रांगेत काय चाललंय ते दिसतच नाही, ते दोरीला टेकून उभं राहूनच बघावं लागतं.

ऑरेंजला मी जुलैमध्ये गेलो. गाव साडेआठशे मीटरच्या वर आहे, त्या सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं आणि मी दोन जॅकेट घालून सेकंड ग्रेडच्या मॅचला दोरीशी उभा. समोर दहा मीटरवर स्क्रम. रेफरीने क्राउच म्हटलं, बाइंड म्हटलं, आणि टाइटहेड प्रॉपने, म्हणजे पुढच्या रांगेच्या उजव्या टोकाच्या खेळाडूने, हात समोरच्या लूजहेडच्या जर्सीवर लांबवर, पार बगलेच्या मागे नेऊन घट्ट धरला, कोपर वर. ज्याला शिकवलेलं नसतं तो बाही धरतो, कोपर खाली पडतं आणि स्क्रम कोसळतो. सेट म्हटल्यावर धप्पकन आवाज आला, आठ-आठ जणांच्या तोंडातून वाफा, आणि स्क्रम जिथे होता तिथेच उभा राहिला, बॉल आत गेला, हूकरने मागे मारला, संपलं. सेकंड ग्रेडला, पहिल्याच फटक्यात, रीसेट न होता, म्हणजे स्क्रम परत लावावा न लागता! मी वहीत लिहिलं, इथे कुणीतरी मंगळवार-गुरुवार पोरांकडून काम करून घेतंय.

हे एवढं मनावर का घेतलं ते सांगतो. कंट्री रग्बीत सगळ्यात जास्त चणचण पुढच्या रांगेची. शिकलेला प्रॉप नसेल तर रेफरी स्क्रम अनकंटेस्टेड करतो, म्हणजे कुणी ढकलायचं नाही, बॉल टाकणाऱ्याला तो मिळणारच. हूकरसाठी ती मॅच अर्धी मेली. त्या वर्षी एका झोनमध्ये मी एक मॅच बघितली, क्लबचं नाव घेत नाही, त्यांची सेकंड ग्रेड टीमच उभी राहिली नाही, फोरफिट, आणि फर्स्ट ग्रेडला तासाभराच्या आत स्क्रम अनकंटेस्टेड झाले. त्यांचा फ्लायहाफ मी कंट्रीत पाहिलेला सगळ्यात देखणा खेळाडू होता, किक टाकायचा तर टचलाइनवर नाणं ठेवल्यासारखी. पण म्हणून ती स्पर्धा भारी म्हणता येत नाही.

सेंट्रल वेस्टमध्ये, म्हणजे ऑरेंजकडे, अंतरं कमी आहेत. ऑरेंजमध्येच दोन क्लब, इमूज आणि सिटी लायन्स, बॅथर्स्ट ५५ किलोमीटरवर, काउरा शंभरच्या आत, सगळ्यात लांब म्हणजे डब्बो दीडशेच्या आसपास. वरच्या क्लबांचा ब्लोज कप आणि खाली मोलॉन्ग, नॅरोमाइन अशा छोट्या गावांची वेगळी स्पर्धा. ही खालची स्पर्धा असणं फार महत्त्वाचं आहे, कारण लहान क्लबला दर शनिवारी ७० गुणांनी मार खावा लागत नाही आणि वरची स्पर्धा घट्ट राहते. टेबलात चौथ्या आणि सहाव्या नंबरच्या टीमची मॅच मी मुद्दाम बघितली, शेवटच्या मिनिटापर्यंत सात गुणांच्या आतलं अंतर होतं आणि हरणाऱ्यांना बोनस पॉइंट मिळाला.

टॅमवर्थकडच्या सेंट्रल नॉर्थबद्दल मला मनापासून आदर वाटतो. टॅमवर्थहून मोरी २७० किलोमीटर, नॅराब्राय १७०, आणि तरी पोरं जातात. वाल्चा हे दीड हजाराच्या आसपास वस्तीचं गाव, आपल्याकडे एवढ्या लोकांची एक वाडी होते, ते फर्स्ट ग्रेडची टीम उभी करतं आणि आलेल्याला घाम फोडतं. तिथली रग्बी अंगाने जड, रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या बॉलसाठीच्या झटापटीत, जो येतो तो मेंढरं आणि गवताचे गठ्ठे उचलून आलेला असतो, टॅकल लागला की कळतं. पण लांबच्या मॅचला सेकंड ग्रेडची पोरं कामामुळे निघत नाहीत, बेंच रोडावतो, आणि साठाव्या मिनिटानंतर मॅच सुटते. कौशल्याचा काही प्रश्न नाही, तो हायवे आणि डिझेलचा प्रश्न आहे.

टूवुम्बाच्या डाउन्स रग्बीत सगळ्यात वेगवान खेळ दिसला. रिस्डन कप म्हणतात त्यांच्या ए ग्रेडला. मैदानं कोरडी, बॉल बाहेरपर्यंत जातो, बॅकलाइन सुंदर. शाळांमधून आलेली पोरं पासिंग कसं करायचं ते शिकूनच आलेली असतात. पण त्यातली चांगली पोरं अठरा-एकोणीसला ब्रिस्बेनच्या प्रीमियर क्लबकडे जातात, सव्वाशे किलोमीटर म्हणजे काहीच नाही. आणि रोमाची अवे मॅच साडेतीनशे किलोमीटर. माझ्यासारख्या हूकरला तिथे स्क्रम कमी मिळाले असते हेही खरं.

सिडनीशी तुलना करा असं सगळे म्हणतात म्हणून एकच सांगतो. शूट शील्ड या सिडनीच्या वरच्या क्लब स्पर्धेतल्या क्लबांत चार ग्रेड आणि वर कोल्ट्स, म्हणजे तरुण पोरांच्या टीम्स, त्यामुळे कंट्री फर्स्ट ग्रेडची बरोबरी त्यांच्या फर्स्ट ग्रेडशी होतच नाही, माझ्या अंदाजाने थर्ड-फोर्थ ग्रेडच्या मध्ये कुठेतरी. पण तिथेही नुसतं स्पर्धेचं नाव लावून भागत नाही, पेनरिथ क्लबला २०१८ मध्ये शूट शील्डमधून काढलं ते याच कारणाने, टीम टिकेना. उलट न्यूकासलकडच्या हंटर भागातून हंटर वाइल्डफायर्स २०२० ला शूट शील्डमध्ये आले आणि हंटरमधले सगळ्यात चांगले खेळाडू आता शनिवारी तिकडे असतात, तर मग हंटरची लोकल स्पर्धा कमजोर झाली म्हणायचं की हंटरची रग्बी वर गेली? मला दोन्ही बरोबर वाटतं.

झोन-झोनची टक्कर बघायची तर कॉल्डवेल कप आहे, न्यू साउथ वेल्स कंट्री चॅम्पियनशिपची वरची डिव्हिजन, आणि खाली रिचर्डसन शील्ड. त्याने झोनचे सगळ्यात चांगले तेवीस कळतात. चोविसावा कळत नाही, आणि मी स्वतः चोविसावा-तिसावा आहे.

शेवटी ऑरेंज घेतलं. वागाच्या कोचला मी आधीच समोर बसून सांगितलं होतं, त्यामुळे रग्बी एक्सप्लोरर या ॲपवर ट्रान्स्फर टाकली आणि ती तीन दिवसांत मंजूर झाली. हे मी प्रत्येकाला सांगतो, ॲपवर परस्पर अर्ज टाकू नका, आधी माणसाशी बोला, माझ्या एका मित्राची ट्रान्स्फर दुसरीकडे पाच आठवडे अडकली होती. मागच्या वर्षी डोक्याला लागून ब्लू कार्ड मिळालं होतं, म्हणजे रेफरीने मैदानाबाहेर काढलं होतं, त्याचे डॉक्टरांचे कागदही नव्या क्लबला पहिल्याच दिवशी दिले.

वागात फर्स्ट ग्रेड खेळलो होतो तरी इथे पहिले सहा आठवडे सेकंड ग्रेड. कोच म्हणाला, लाइनआउटला, म्हणजे बाहेर गेलेला बॉल आत फेकताना, तुझे थ्रो बरे आहेत पण रांगेच्या मागे फेकलेला बॉल सपाट जातोय, तो उंच पाहिजे. रोज कामावरून आल्यावर शेडच्या भिंतीवर खडूने खूण करून पन्नास थ्रो टाकले. सातव्या आठवड्यात फर्स्ट ग्रेडच्या बेंचवर आलो, वीस मिनिटं मिळाली, पाच लाइनआउट, पाचही आपल्या जंपरच्या हातात. रात्री काकांना फोन केला तर त्यांनी पहिलं विचारलं, खालच्या टीममध्ये तुझ्या जागी आता कोण खेळतो? एकोणीस वर्षांचा एक पोरगा आहे, काउराजवळच्या फार्मवरचा, मान अजून बारीक आहे पण हात चांगले. गुरुवारी ट्रेनिंगनंतर आम्ही दोघं थांबतो, तो थ्रो टाकतो आणि मी उचलून परत देतो.