शेवटची गाडी किती वाजता?

मी जळगावात जर्मनचे क्लास घेते आणि सोबत तिकडे शिकायला जाणाऱ्या पोरापोरींचे अर्ज, कागदपत्रं, व्हिसाची फाईल असं सगळं बघते. एजंट नाहीये मी, पण लोक एजंटच समजतात आणि मी आता समजावणं सोडून दिलंय.

गेल्या वर्षीची, २०२५ च्या मेअखेरची गोष्ट. सकाळी अकरालाच रिंग रोडवर चिटपाखरू नव्हतं. अमळनेरहून एक कुटुंब आलं होतं, पोरगी मेकॅनिकल इंजिनिअर, वडील एसटीत ड्रायव्हर, मागच्याच वर्षी रिटायर झालेले, आई, आणि फोनवर स्पीकर चालू ठेवून पुण्याचा मावसभाऊ, जो आयटीत आहे म्हणून घरातला परराष्ट्रमंत्री. पोरीला मास्टर्सच्या दोन अ‍ॅडमिशन आल्या होत्या, एक श्टुटगार्ट, एक केम्निट्झ. कोणती घ्यायची ते त्याच दिवशी ठरवायचं होतं कारण संध्याकाळपर्यंत एका ठिकाणी कन्फर्म करायचं होतं.

मावसभावाचं मत पहिल्या मिनिटाला आलं. श्टुटगार्टच. मर्सिडीज तिथे, पोर्शे तिथे, बॉश तिथे, मेकॅनिकलवाल्याने दुसरीकडे जायचंच कशाला. वर त्याने खोलीपण शोधून ठेवली होती कुठल्या तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून, शहराबाहेरच्या एका गावात, महिना ३८० युरो, त्या भागात हे भाडं ऐकून माझ्याच भुवया वर गेल्या.

खर्चाचं मी आधी सांगून टाकलं. ब्लॉक अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे त्या खात्याला, ११,९०४ युरो दोन्हीकडे सारखेच भरायचे, महिन्याला ९९२ हातात येतात, शहर महाग असो की स्वस्त. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे २०१७ पासून आपल्यासारख्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, म्हणजे चार सेमिस्टरचे सहा हजार युरो, सहा लाखाच्या घरात जातात. केम्निट्झला तिच्या कोर्सला फी नव्हती, फक्त सेमिस्टरची वर्गणी. एवढं ऐकून कुणीही म्हणेल की मग विषय संपला, पण मावसभाऊ म्हणाला नोकरी लागली की सहा लाख तीन महिन्यांत फिटतील, आणि त्याचंही अगदीच चूक नव्हतं.

काका तोवर काहीच बोलले नव्हते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. मग एकदम म्हणाले, "मॅडम, ती ३८० वाली खोली आहे ना, तिथं शेवटची गाडी किती वाजता?"

मला कळलंच नाही आधी.

"नाही म्हणजे कॉलेज सुटलं, लायब्ररीत बसली, कुठे काम केलं, तर रात्री गावात जाणारी शेवटची गाडी किती वाजता असते. ३१ वर्षं गाडी चालवली मी. ज्या गावाला मुक्कामी गाडी नाही तिथली पोरगी शिकायला तालुक्याला येत नाही, आली तर दोन वर्षांत घरी बसते. मी पाहिलंय ना."

आता इथे मला माझंच एक पाप आठवलं. २०२२ ला मी एका चाळीसगावच्या पोराला अशीच स्वस्त खोली बघून दिली होती, २६० युरोला, खेड्यात. भाडं बघितलं, नकाशावर अंतर बघितलं, १८ किलोमीटर, म्हटलं जळगाव-भुसावळएवढंही नाही. डिसेंबरात पहाटे चारला फोन वाजला, तिकडे रात्रीचे साडेअकरा. गोडाऊनची शिफ्ट संपवून निघाला होता, एक बस मिळाली, पुढची नव्हतीच. म्हणे मॅडम बर्फ पडतोय, ७ किलोमीटर चालायचंय, फक्त बोलत राहा माझ्याशी. मी अंथरुणात बसून दीड तास त्याच्याशी काय वाट्टेल ते बोलले, भरीताची रेसिपीपण सांगितली, वांगी कुठली घ्यायची इथपासून. मध्ये मध्ये नुसता त्याच्या बुटांचा आवाज यायचा, करकर करकर. घरी पोचला तेव्हा माझ्याकडे दूधवाला आला होता.

हे मी काकांना सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, धंद्याच्या दृष्टीने, पण सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "काढा मग टाइमटेबल."

काढलं. आणि पुढचा तासभर मी माझ्याच ऑफिसात विद्यार्थी होते. काकांना जर्मन अक्षर कळत नव्हतं पण वेळापत्रक कळत होतं. बोट स्क्रीनवर फिरवत, "ही सोमवार ते शुक्रवारची ना? शनिवारची वेगळी असेल. आणि ही रविवारची. बघा, किती रिकामी आहे." खरंच, दिवसा अर्ध्या तासाने बस, संध्याकाळी आठनंतर तासाने एक, आणि रात्री उशिराच्या दोन फेऱ्यांपुढे टेलिफोनचं चिन्ह. ते काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की ती रुफटॅक्सी, म्हणजे आधी फोन करून सांगितलं तरच गाडी येते, नाही सांगितलं तर येत नाही.

"म्हणजे आपल्याकडे विनंती थांबा, तिकडे विनंती गाडीच!" काका पहिल्यांदा हसले.

मग म्हणाले थांब्यापासून घर दाखवा. जर्मनीत स्ट्रीट व्ह्यू पूर्वी अर्धवटच होतं, लोकांचा विरोध होता, २०२३ पासून बरंच दिसायला लागलंय. थांब्यावर उतरलो, कर्सरने चालायला लागलो. एक चर्च, बंद असलेली बेकरी, मग घरं संपली आणि दोन्ही बाजूला शेत. काकू इतका वेळ गप्प होत्या, त्या अहिराणीत हळूच म्हणाल्या, "तठे आपलं कोन शे?", तिथे आपलं कोण आहे, आणि खोलीत एकदम शांतता झाली, नेमके तेव्हाच लाईट गेले. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहिला पण पंखा बंद, सगळे घामाघूम, आणि समोर स्क्रीनवर ते हिरवंगार शेत.

तेवढ्यात पोरीनेच मालकाचा मेसेज नीट वाचला. खाली लिहिलं होतं, आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, शक्य नाही. मी मावसभावाला विचारलं हे वाचलं होतं का, तर म्हणे हो, पण ते काहीतरी फॉर्मॅलिटी आहे ना. फॉर्मॅलिटी! जर्मनीत राहायला गेल्यावर साधारण दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ती नोंद नाही तर टॅक्स नंबर नाही, रेसिडन्स परमिटचं घोडं अडतं, बँकेत पण तेच. काकांना एका वाक्यात कळलं. "म्हणजे याला भाडेकरू कागदावर दाखवायचाच नाहीये. पुण्यातपण असतात असे." मावसभाऊ पुण्यातूनच बोलत होता, तो जरा खोकला.

ती खोली गेली. पण शहराचा प्रश्न होताच, आणि मला श्टुटगार्टवर अन्याय करायचा नव्हता. मी स्वतः तिथे एक वर्ष ओ पेअर म्हणून राहिलेय, एका घरी मुलं सांभाळायला. सुंदर शहर आहे, डोंगरांच्या कढईत बसलेलं. युनिव्हर्सिटीचा इंजिनिअरिंगचा कॅम्पस फायहिंगनला, तिथे लोकलचं स्टेशनच 'युनिव्हर्सिटेट' नावाचं, त्यामुळे हॉस्टेल मिळालं तर प्रश्नच नाही. पण हॉस्टेलची वेटिंग लिस्ट होती आणि बाहेर खोली मिळणं म्हणजे चाळीस मेसेज टाकून दोन उत्तरं. शिवाय तिकडे केअरवोखं असते, म्हणजे पाळीपाळीने अख्ख्या बिल्डिंगचा जिना झाडायचा, दारावर पाटी लागते या आठवड्यात तुमची पाळी, आणि खालची आजी बोट फिरवून धूळ बघते. हे ऐकून काकू म्हणाल्या चांगलंय की, आपल्या अपार्टमेंटला पाहिजे असं.

केम्निट्झला तिला हॉस्टेलची खोली मिळत होती, कॅम्पसला चिकटून, राइशेनहाइनर रस्त्यावर. ट्राम कॅम्पसपर्यंत येते. काकांनी तिचंही वेळापत्रक बघितलं, रविवारचं आधी. मान हलवली.

पण मग मला दुसरी बाजूपण सांगणं भाग होतं, कारण नंतर त्यांनी यूट्यूबवर बघितलं असतं तर म्हणाले असते मॅडमनी लपवलं. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या शहरात चाकूहल्ल्यात एक माणूस मेला, संशयित परदेशी होते, त्यावरून उजव्यांचे मोर्चे निघाले आणि परदेशी दिसणाऱ्या लोकांच्या अंगावर माणसं धावून गेली. आणि फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत त्या राज्यात परदेशी लोकांविरुद्ध बोलणारा एएफडी पक्षच पहिला आला, ३७ टक्क्यांवर मतं घेऊन. काकू पोरीकडे बघायला लागल्या. मी काय सांगणार, सगळं ठीक आहे म्हणाले असते तर खोटं, नका जाऊ म्हणाले असते तर तेही खोटं, कारण शेकडो भारतीय पोरं तिथे शिकतायत. म्हणून माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे आहे तिला फोन लावला. ती सरळ बोलली. कॅम्पसजवळ रात्री एकटी फिरते, काही वाटत नाही. मधल्या मोठ्या स्टॉपवर रात्री दहानंतर गाडी बदलायची असेल तर मैत्रिणीला सोबत घेते. दोनदा कुणीतरी काहीतरी ओरडलं, एकदा एका म्हाताऱ्याने ओरडणाऱ्यालाच झापलं. पार्टटाइम काम मिळतं पण जर्मन बरं लागतं, इंग्लिशवर मोठ्या कंपनीत काम पाहिजे तर श्टुटगार्ट बरं. आणि हो, किचनमध्ये फोडणी देताना दार बंद ठेवायचं, नाहीतर कॉरिडॉरचा धुराचा अलार्म वाजतो आणि फायर ब्रिगेड येते, एकदा मोहरीने आणली होती तिने.

"बघा, कंपन्या तिकडेच आहेत," मावसभाऊ परत. काका फोनकडे वाकले. "अरे भाऊ, विप्रो आमच्या अमळनेरात निघाली, १९४५ ला. म्हणून अमळनेरच्या पोरांना घरबसल्या नोकऱ्या लागल्या का? तू स्वतः पुण्याला गेला ना."

त्यावर तिकडून काही आलं नाही.

मी वातावरण हलकं करायला केम्निट्झचा फोटो दाखवला, शहराच्या मध्यात कार्ल मार्क्सचं नुसतं डोकं आहे, ब्राँझचं, सात मीटर उंच, कारण १९५३ ते १९९० त्या शहराचं नावच कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. काका बराच वेळ बघत बसले. म्हणे आमच्या संपात हा पाहिजे होता.

ठरवलं शेवटी पोरीनेच. साडेपाचला लॅपटॉप स्वतःकडे ओढला, केम्निट्झ कन्फर्म केलं आणि आईला म्हणाली, "रात्री दहानंतर तिथे नाही बदलणार गाडी, बस?" काकूंनी पिशवीतून बिबड्यांचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला, सकाळपासून द्यायचा राहिला होता.

ती सप्टेंबरात गेली. सगळं छान चाललंय असं नाही, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो म्हणून रडली, आणि पार्टटाइम कामासाठी अजून शोधतेच आहे, जर्मनची बी२ पातळीची परीक्षा झाल्याशिवाय नीट मिळणार नाही असं दिसतंय. मावसभाऊ हे मला फोन करून सांगतो अधूनमधून.

काकांचा फोन मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी आला. आवाज गंभीर, मला वाटलं काही झालं की काय.

"मॅडम, पोरगी म्हणते काल पहाटे तिकडे तीनचे परत दोन वाजवले. खरं आहे का?"

खरं आहे म्हटलं काका, हिवाळ्याची वेळ लागते, आता आपल्यात नि त्यांच्यात साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक.

"ते ठीक आहे. पण मला हे सांगा, जी रात्रीची रेल्वे अडीच वाजता स्टेशनातून सुटली असेल, तिच्यासाठी परत अडीच वाजणार ना? मग ती तेवढा तासभर थांबते कुठे? आणि ड्रायव्हरला त्याचा ओव्हरटाइम मिळतो का?"