आधी फोटो, मग सुई

पन्नाशी उलटली की इंग्लंडमध्ये कुठलाही पुरुष आपल्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, प्रोस्टेट या पुरुषांमधल्या ग्रंथीच्या कॅन्सरची शंका तपासणारी पीएसए रक्ततपासणी मागू शकतो. बोलावून कोणी करत नाही, आपणच मागायची. माझा आकडा जरा चढा आला. आता बायोप्सी, असं धरून चाललो होतो. पत्र आलं ते एमआरआयचं.

पूर्वी पीएसए वाढला की गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून ग्रंथीचे दहा-बारा नमुने काढत. गाठ नेमकी कुठे, हे बहुधा दिसतच नसे, अंदाजपंचे दाहोदरसे! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ५७६ पुरुषांवर झालेला 'प्रोमिस' अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. धोकादायक कॅन्सरपैकी ९३ टक्के एमआरआयने टिपले, जुन्या बायोप्सीने जेमतेम ४८. अर्थात एमआरआय उगाच संशयही बराच घेतो, म्हणून बायोप्सी बाद झालेली नाही. पण २०१९ पासून इथली अधिकृत शिफारस आधी एमआरआय अशी आहे.

स्कॅनआधी प्रश्नांची सरबत्ती. पेसमेकर आहे का? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? (चुंबकाने तो हलला तर डोळा जायचा.) मग आतड्यांची हालचाल थोपवणारं इंजेक्शन, कानाला हेडफोन, तरी ठकठक ऐकू येतेच. क्ष-किरण मात्र अजिबात नाहीत.

मला भावला तो यातला 'डिफ्यूजन' प्रकार. निरोगी ग्रंथीत पाण्याचे रेणू बऱ्यापैकी मोकळे फिरतात. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने वाढतात आणि तिथे रेणूंची संध्याकाळच्या विरार लोकलमधल्यासारखी गत होते: हलायलाच जागा नाही. ही अडवणूक चित्रात वेगळी उठून दिसते. रेडिओलॉजिस्ट मग १ ते ५ गुण देतो. ३ किंवा जास्त आले तर बहुधा सुई, आणि तीही संशयाच्या जागेवर नेम धरून. माझे आले २. बायोप्सी टळली, पीएसएवर लक्ष ठेवायचं ठरलं.

साताऱ्याच्या दादाचाही पीएसए वाढलाय. कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्र ठळक करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन न देता केलेला छोटा स्कॅनही निदानात कमी पडत नाही, असं २०२५ मध्ये 'प्राइम' चाचणीत दिसल्याचं त्याला फोनवर सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "म्हणजे पैसे कमी लागतील का रे?" म्हटलं, ते सेंटरवर विचार. त्याआधी हे विचार, की रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर प्रोस्टेटचे स्कॅन नेहमी बघतो का. चित्र खराब आलं किंवा वाचणारा नवखा असला, तर ते ९३ टक्के विसरायचे.