अर्धा टँकर पलटलाच कसा?

अमळनेरला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ट्रॉल्या, आणि उन्हाळा लागला की ट्रॅक्टरमागे जोडायचे पाण्याचे टँकर. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मीच बनवलेला एक टँकर क्रेनला लटकत परत आला. पारोळ्याकडच्या एका वळणावर पलटला होता. ड्रायव्हरने वेळेवर उडी मारली, हात खरचटला तेवढंच.

मालक तावातावाने आला. "अर्धंच पानी व्हतं ना भो, मंग कसा उलटना?"

प्रश्न बिनतोड होता. त्याच सकाळी, त्याच वळणावरून, तोच ड्रायव्हर पाच हजार लिटर भरून सुखरूप गेला होता. एका मळ्यात अर्धं पाणी उतरवलं, दुसरीकडे निघाला आणि आडवा! मला अॅक्सलचा संशय, तर अॅक्सल सरळ. वेल्डिंग एकही सुटलेलं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. मॅनहोलमधून बॅटरी मारली, तर पाणी अडवायला आत लावलेले पत्र्याचे दोन्ही पडदे जागच्या जागी.

भाचा सुट्टीवर आला होता. तेलवाहू जहाजावर चीफ ऑफिसर आहे. त्याने मॅनहोलमध्ये डोकं घातलं आणि आतूनच बोलला, "मामा, पडदे आडवे टाकलेत तुम्ही. ब्रेक मारल्यावर पाणी पुढे धावत नाही, ते ठीक. वळणावर ते बाजूला धावतं. तिथे कोण अडवणार?"

कोपऱ्यातला पसरट ट्रे घेऊन त्याने त्यात दोन बोटं पाणी ओतलं आणि माझ्या हातात दिला. जरा तिरपा केला, तर सगळं पाणी एका काठाला येऊन माझ्या पायावर. मग ट्रेच्या मधोमध लांबीत पट्टी बसवून एमसील भरलं. सुकल्यावर पुन्हा तिरपा केला. आता निम्मं निम्मं पाणी आपापल्या खणातच सरकलं, ट्रे हाताला ओढ देईना.

"गच्च भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते. म्हणून जहाजावर टाकी शक्यतो गच्च भरायची, नाहीतर रिकामी करायची. अर्धवट टाकीतलं पाणी जहाज ज्या बाजूला कलतं तिकडेच जातं. खोली किती याने फार फरक पडत नाही, रुंदी किती ते बघायचं. मध्ये लांबीत पडदा घालून रुंदी निम्मी केली की त्रास चौथाईवर येतो, कारण हिशोबात रुंदीचा घन येतो: एका खणाचा आठवा हिस्सा, दोन मिळून चौथाई."

मग 1987 मधली गोष्ट सांगितली. बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही गाड्या नेणारी फेरी पुढचं दार उघडं ठेवूनच निघाली. गाड्यांच्या मजल्यावर पाणी शिरलं, मध्ये अडवायला भिंत नव्हती. काही मिनिटांत आडवी झाली. 193 माणसं गेली. मी चहा तसाच ठेवला.

दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. टाकीत लांबीचा पडदा टाकला, दोन्ही खणांना वेगळे कॉक. "दोन्ही बरोबर उघडा, एकच खण रिकामा केला तर वजन एका अंगाला जाईल," असं मालकाला बजावलं. "दोन दोनदा कोन वाकी?" तो कुरकुरला.

परवा बोरीच्या पुलाजवळ तोच टँकर दिसला, एका बाजूला किंचित झुकलेला. मी मोटारसायकल आडवी घातली.