तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, लॉन मेलेलं नाही

अटलांटात गुढीपाडव्याला जेवायला येणारे निम्मे लोक ड्राइव्हवेतच विचारतात, "लॉन मेलं का हो?" उरलेले जाताना विचारतात. शेजाऱ्याचं हिरवंगार असतं ना! त्याचं फेस्क्यू, थंडीतलं गवत. ऑगस्टमध्ये त्याची काय दशा होते ते बघायला कोणी येत नाही.

माझी बर्म्युडा आहे, उन्हाळ्यातलं गवत, जात 'टिफवे 419'. इथल्याच जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनला तयार झालेली, 1960 साली आलेली संकरित जात. पहिल्या कडक फ्रॉस्टला ती पिवळी पडते आणि चार इंच खोलीवरची माती 65 अंश फॅरनहाइटच्या वर जाईपर्यंत नीट फुटत नाही. मार्चमध्ये मी मोअर अगदी खाली घेऊन वरचं वाळकं खरवडतो आणि पिशव्या भरून देतो, कारण तो थर गेला की ऊन थेट मातीवर पडतं. दिसतं भयाण, मान्य. पण मार्चमध्येच खत का घालत नाही, हे विचारू नका. गवत झोपलेलं असताना घातलेलं नत्र तण खातं. आणि लवकर फूट आलीच, तर एप्रिलमधला एखादा फ्रॉस्ट ती जाळतो.

हे सगळं मी एचओएलाही, म्हणजे आमच्या वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेलाही, लिहून कळवलं होतं. त्यांचं पत्र आलं होतं: लॉन मृत आहे, तीस दिवसांत बदला. तेव्हा साताऱ्याहून आण्णा आलेले. उसाच्या रानातली हरळी काढण्यात जन्म गेलेला माणूस. नांगरट तापू द्यायची, काशा, म्हणजे हरळीची जमिनीखालची खोडं, वेचायच्या, बांधावर टाकून जाळायच्या. एक कांडी राहिली तरी पावसाळ्यात पुन्हा हजर. आल्यापासून ते माझ्या लॉनकडे बघत होते, बोलत नव्हते. टिफवेच्या आईबापांतली एक हरळीच, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

पत्रात काय लिहिलंय ते विचारून घेतलं आणि गॅरेजमधला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते बाहेर गेले. खरवडलेल्या जागी उकिडवे बसले, माती उकरली आणि बोटभर काशी ओढून काढली. नखाने मोडली. आत पांढरीशुभ्र, पेऱ्यावर टोकदार डोळा. "आरं, हिला मारता मारता माझी हयात गेली," ते म्हणाले, "आन् ह्यांनी कागदावर मारली व्हय?" मग माझ्याकडे वळले. "पर तू हिला खत घालतोस?"

त्यावर उत्तर नव्हतं. आजही नाही. काशीचा फोटो एचओएला पाठवला. पुढचं पत्र आलं नाही. फोटोमुळे की तोवर एप्रिल उजाडला म्हणून, देव जाणे.

आधी मी दर ऑक्टोबरला रायचं, म्हणजे थंडीतल्या रायग्रास गवताचं, बी टाकायचो. हिवाळाभर हिरवं, कोणी काही विचारत नसे. पण ते राय वसंतात हटत नाही, बर्म्युडाचं ऊन-पाणी खातं आणि तिची फूट लांबते. म्हणून सोडलं. तेव्हाचा मी म्हणेल, लोक गप्प होते ना? होते. खोटं कशाला बोलू, मार्चमध्ये पाहुण्यांच्या गाड्या लागायला लागल्या की मला अजूनही लाज वाटते, आणि फेस्क्यूकडे बघून जळफळाटही होतो.

मेपासून आठवड्यातून दोनदा कापावं लागतं, पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग न छाटता. तेव्हा कोणी काही विचारत नाही. मात्र ती कडेच्या विटांखालून मेथीच्या वाफ्यात शिरते, आणि तिथे मी खुरपं घेऊन काशा वेचत बसतो. बायको म्हणते, एवढं करण्यापेक्षा राय टाका. यंदाच्या ऑक्टोबरचं अजून ठरलेलं नाही.