माळाची माती खोलवर पाहिली तेव्हा

मराठवाडा म्हटलं की काळी जमीन डोळ्यांपुढं येते. बेसाल्ट झिजून झालेली, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात पायाला धरणारी. पण नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, देगलूर-बिलोलीकडं, बेसाल्टचे थर संपतात आणि त्यांच्याखालचा फार जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. त्या खडकातली गारगोटी सहसा कुजत नाही, रवा होऊन मातीत राहते. लोह गंजून रंग देतं. म्हणून आमच्याकडच्या उंच माळांवरची माती तांबूस, रवाळ, हातात घेतली की बोटांमधून निसटणारी. पलीकडं तेलंगणात अशा जमिनीला चलका म्हणतात. गावात आम्ही तिला 'हलकी' म्हणतो आणि तिथंच तिचा निकाल लागतो.

त्या माळावर सीताफळ लावायचं घरात ठरलं, तेव्हा मी आग्रह धरला की आधी माती नीट तपासायची. आबांचं म्हणणं होतं, "हलकी हाय, सगळ्या गावाला ठावं हाय, तपासायचं काय त्याच्यात?" पण झाड तीन महिन्यांचं पीक नसतं. एकदा लावलं की त्याला वीस-पंचवीस वर्षं त्याच जागी जगायचं असतं.

नमुना घ्यायची रीत बहुतेकांना माहीत आहे. शेतात नागमोडी फिरायचं, जागोजागी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करायचा, त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यायची, सगळी एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहायचं. झाडाखालची, बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाची जागा टाळायची. यात अवघड काही नाही.

खरी अडचण पुढं येते. २०१५ साली सुरू झालेल्या सरकारी मृद आरोग्य पत्रिकेत, म्हणजे माती तपासणीच्या अहवालात, बारा गोष्टी तपासतात. सामू म्हणजे माती आम्ल की विम्ल ते, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मग नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन ही सूक्ष्मद्रव्यं. या बारांत मातीचा पोत नाही. वाळू किती, गाळ किती, चिकण किती, हे पत्रिका सांगत नाही. खोलीही सांगत नाही. फळबाग लावणाऱ्याला याच दोन गोष्टी सगळ्यात आधी कळायला हव्यात असं माझं ठाम मत आहे. पोताची तपासणी मी वेगळी सांगून करून घेतली आणि प्रत्येकानं ती मागावी.

अहवाल यायच्या आधी घरीही बरंच कळतं. ओल्या मातीचा गोळा वळला, तर वळतो पण दाबला की फुटतो. अंगठ्यानं पुढं सरकवत पट्टी काढली, तर पेरभर होण्याआधीच तुटते. काळ्या रानातली माती घेतली की तीच पट्टी बोटभर लोंबते. काचेच्या बरणीत माती, पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर घालून जोरात हलवलं. वाळू मिनिटभरात तळाला बसली, गाळाचा थर दोनेक तासांनी दिसला, चिकण कण मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ करून होते. बरणीचा अर्ध्याहून जास्त भाग वाळूचा. प्रयोगशाळेचं उत्तरही तेच आलं, वाळूमिश्रित पोयटा. म्हणजे वाळू शंभरात साधारण ४३ ते ८५ आणि चिकण वीसच्या आत. आमच्या मातीत वाळू सत्तरच्या आसपास निघाली. सामू उदासीनच्या जवळ, सेंद्रिय कर्ब फार कमी.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते खोल खड्ड्यानं. मुरूम लागेपर्यंत खणायचं ठरवलं. टिकाव आणि पहार घेऊन आम्ही दोन जागा उकरल्या, एक माळाच्या माथ्यावर, एक उताराच्या खालच्या अंगाला. माथ्यावर वीतभर रवाळ माती आणि लगेच मुरूम, त्यात कुजलेल्या ग्रॅनाइटचे चुरडले जाणारे तुकडे. उताराला मात्र वेगळंच. वरचा रवाळ थर हातभराहून कमी, मग एकदम गडद तांबडा, चिकट, ढेकळं निघणारा थर, आणि त्याच्याखाली मुरूम. शेकडो-हजारो वर्षं पावसाच्या पाण्याबरोबर वरचे बारीक चिकण कण खाली उतरत गेले आणि तिथं साठले. तांबड्या थराच्या तळाशी पांढरे खडे होते. त्यांच्यावर लिंबू पिळलं तर फसफसलं. चुनखडी. पाऊस एवढा नाही की चुना धुऊन पार खाली नेईल, म्हणून तो वाटेतच अडकतो.

आबा खड्ड्यात उतरून त्या तांबड्या थरावर बराच वेळ हात फिरवत होते. एवढी वर्षं नांगर वरच्या थरातच फिरला होता.

आता हिशेब मांडा. अशी माती मीटरभर खोल असेल तर पिकाला मिळेल असं साधारण १०० ते १२० मिलिमीटर पाणी धरते. भारी काळी माती २०० पर्यंत जाते. माथ्यावर वीतभरच माती, म्हणजे पंचवीसेक मिलिमीटर. पीक दिवसाला पाच मिलिमीटर ओढत असेल तर पाच दिवसांत ते कोमेजायला लागणार. ऑगस्टमधला पावसाचा खंड आपल्याकडं याहून कितीतरी लांब असतो. उताराला खोली जास्त आणि तांबडा थर जास्त ओल धरणारा, तिथं तेच पीक दोन आठवडे तग धरेल. दोन्हीकडं वरून बघितलं तर एकच रंग, एकच रवा, एकच 'हलकी'.

या मातीचं एक मोठं देणं आहे. पाणी पटकन पिते. वाळूमिश्रित पोयट्यात तासाला २० ते ३० मिलिमीटर मुरतं, भारी चिकणमातीत १ ते ५. दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत ठोकून पाणी ओतलं, तर गवताखालच्या जागेत ते बघता बघता उतरलं. पण तिथूनच दहा पावलांवर, उघड्या नांगरलेल्या जागेत, डबा कितीतरी वेळ भरलेला राहिला. कारण पापडी. उघड्या मातीवर पावसाचे थेंब आदळतात, बारीक कण भोकं बुजवतात, वर ऊन पडलं की कवच धरतं. मुगाचे कोंब त्याच्याखाली वाकून मरतात. आई पेरणीनंतर बाभळीची फांदी ओढायला लावायची ती यासाठीच. शेणखत आणि पालापाचोळा हे या जमिनीचं छप्पर आहे.

म्हणून माथ्यावर झाडं लावायची नाहीत असं ठरलं. तिथं पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं येऊ द्यायची, चराई थांबवायची आणि फुलोऱ्यात कापून जनावरांना घालायचं. जास्त चरलं की पवन्या हटतो आणि कुसळी गवत माजतं, ते आमच्या माळाच्या रस्त्याकडच्या बाजूला स्पष्ट दिसतं. सीताफळ उताराला, तांबडा थर जिथं हाताला लागला तिथं. खड्डे खणताना वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला ठेवली आणि भरताना वरचीच शेणखतात मिसळून मुळांजवळ घातली.

खताचंही गणित बदललं. अशा मातीत चिकण आणि कर्ब दोन्ही कमी, त्यामुळं अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद कमी. युरिया एकदम टाकला की एका जोरदार पावसात नत्र मुळांच्या खाली निघून जातं. थोडं थोडं, हप्त्याहप्त्यानं द्यायचं. आबांना हे पटायला वेळ लागला नाही. "येकदाच टाकायचं न्हाई, येवढंच ना," म्हणाले.

उताराच्या अगदी खालच्या टोकाला अजून एक प्रश्न आहे. मोठ्या पावसात वरचं पाणी रवाळ थरातून उतरतं आणि तांबड्या थरावर अडतं, तिथं रोपांच्या मुळाशी दोन-तीन दिवस ओल सुटत नाही. सीताफळाला ते मानवत नाही. त्या ओळीच्या वरच्या अंगाला एक उथळ चर काढून पाणी ओढ्याकडं वळवलं आहे. मोठा पाऊस झाला की तिथं परत खणून ओल कुठपर्यंत थांबते ते बघणार, आणि थांबतच असेल तर त्या ओळीतली रोपं वर हलवणार.