दगडाचं तेल, पण डिझेल मात्र बाहेरचं

ईदा-विरू हा एस्टोनियाचा ईशान्य कोपरा. शेवटी नार्वा नदी लागते, पलीकडे रशिया. इथे आल्यापासून घरून एक प्रश्न ठरलेला असतो: "तिकडे दगडातून तेल काढतात ना गं, मग गाड्याही त्याच्यावरच चालतात का?" नाही चालत. इथल्या पंपांवरचं डिझेल बहुतेक लिथुआनियाच्या मझेइकियाई रिफायनरीतून किंवा फिनलंडमधून येतं. शंभर वर्षं दगडातून तेल काढणाऱ्या देशात असं का, ते आज नीट सांगते.

अमेरिकेतलं शेल ऑइल हे आधीच द्रवरूपात खडकात अडकलेलं असतं. खडक फोडला की वर येतं. इथल्या दगडात तेल नसतंच. कुकरसाइट नावाचा हा तपकिरी, हाताला हलका लागणारा दगड साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात तयार झाला. त्यात केरोजेन नावाचा घट्ट सेंद्रिय पदार्थ असतो. हवा न लागू देता दगड सुमारे ५०० अंशांवर तापवला की केरोजेन फुटतं, वाफा निघतात आणि त्या थंड केल्या की तेल मिळतं.

त्यासाठी इथे दोन प्रकारच्या भट्ट्या आहेत. जुन्या पद्धतीत उभ्या भट्टीत दगडाचे मोठे तुकडे वरून सोडतात आणि गरम वायू त्यांतून फिरवतात. नव्या पद्धतीत दगडाचा बारीक चुरा गरम राखेत मिसळून फिरत्या पिंपात तापवतात. तेल गेल्यावर उरलेला कोळसट भाग जाळायचा, त्याची तापलेली राख पुन्हा पुढच्या चुऱ्यात मिसळायची. म्हणजे दगड स्वतःच्याच उष्णतेवर शिजतो. मला ही पद्धत आजही अतिशय सुंदर वाटते. एवढं करून एका टन दगडातून साधारण सव्वाशे ते दीडशे किलो तेल हाती लागतं. उरतो तो राखेचा ढीग. कोह्तला-यार्वे आणि किविओलीच्या आसपास दिसणारे डोंगर या राखेचे आणि जुन्या भट्ट्यांतून उरलेल्या कोळसट दगडाचेच आहेत. किविओलीच्या डोंगरावर हिवाळ्यात लोक स्की करतात.

खरी अडचण इथून पुढे आहे. माटुंग्याला शिकताना आम्ही माहुलच्या रिफायनऱ्या डोळ्यांसमोर ठेवून डिस्टिलेशन, म्हणजे तेल तापवून त्याचे भाग वेगळे करणं, समजून घेतलं होतं. मुंबई हायचं क्रूड हलकं, गंधक अगदी कमी; त्यातला डिझेलचा भाग मुळातच बऱ्यापैकी निर्मळ निघतो. दगडाच्या तेलाचं तसं नाही. त्यात ऑक्सिजनची संयुगं भरपूर, विशेषतः फेनॉल. शिवाय असंपृक्त हायड्रोकार्बन, जे साठवणीत हळूहळू चिकट गोंदासारखे होतात. असं तेल इंजिनात घातलं तर इंजेक्टर चोंदतील.

गंधक एक टक्क्याच्या आतच असतं, आणि जड इंधनात ते कमीच मानलं जातं. पण एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम (दहा लाखांत दहा हजार भाग). युरोपातल्या डिझेलला मर्यादा आहे १० पीपीएमची. आपल्याकडेही एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांमुळे तीच. तिथवर पोचायचं तर तेल उच्च दाबाखाली, उत्प्रेरकावरून, हायड्रोजनसोबत न्यावं लागतं. हायड्रोजन गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन तिघांनाही काढतो आणि असंपृक्त बंध भरून टाकतो. या तेलात ऑक्सिजन जास्त, म्हणून हायड्रोजनही जास्त खातं. तो तयार करायला वेगळा कारखाना लागतो. अशा रिफायनरीचे बेत इथे झाले, पण त्या उभ्या राहिल्या नाहीत.

मग हे तेल जातं कुठे? बॉयलरमध्ये आणि जहाजांत. थंडीत ते सहजी गोठत नाही, पातळ राहतं, म्हणून जड फर्नेस ऑइलमध्ये मिसळून ते पंपाने ढकलण्याजोगं करायलाही उपयोगी पडतं. उणे २० मध्ये हा गुण किती मोलाचा, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. पण बाल्टिक समुद्रात २०१५ पासून जहाजांच्या इंधनात गंधकाची मर्यादा ०.१ टक्का झाली आणि २०२० पासून जगभर ०.५ टक्का. ती वाट अशी अरुंद होत गेली.

इथली खाणकामाची सुरुवात १९१६ची. पहिल्या महायुद्धात पेट्रोग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, इंधन मिळेना, म्हणून हा दगड खणायला घेतला. १९२०च्या दशकात कोह्तला-यार्वेत तेलाचा कारखाना आला. १९४८ पासून या दगडापासून काढलेला गॅस पाइपलाइनने त्याच शहराच्या, तेव्हाच्या लेनिनग्राडच्या, स्वयंपाकघरांत जाऊ लागला, स्वतःच्या राजधानीत, टालिनमध्ये, मात्र त्यानंतर काही वर्षांनी पोचला. १९८०च्या सुमारास वर्षाला ३ कोटी टनांहून अधिक दगड निघत होता. आता सरकारचं ध्येय आहे २०३५ पर्यंत हा दगड जाळून होणारी वीज आणि २०४० पर्यंत ऊर्जेतला त्याचा वापर थांबवण्याचं. हवामानासाठी ते गरजेचं आहे, मला मान्य आहे. या दगडातून निघणारा कार्बन डायऑक्साइड फारच जास्त आहे.

पण २०४० पर्यंत बंद होणाऱ्या धंद्यात हायड्रोजनच्या कारखान्यावर कोण पैसे घालणार? म्हणूनच मला वाटतं, डिझेलची संधी १९९०च्या दशकातच हुकली. आता जे उरलंय ते म्हणजे भट्ट्या चालवणाऱ्या माणसांचं ज्ञान. माझ्यासोबत काम करणारे एक आजोबा नुसत्या वासावरून सांगतात, पिंपातलं तापमान घसरलं की वाढलं. युरोपीय संघ या जिल्ह्याच्या बदलासाठी निधी देतोय, तरुण मुलं टालिनला जातायत. जुन्या टायरांचे तुकडे दगडाबरोबर याच भट्ट्यांत घालून पाहण्याचं काम सुरू झालंय. ते यशस्वी व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण तसं झालं तर हे ज्ञान असलेली माणसं कामात राहतील.