खिळा एक, कॅलेंडरं चार

आमच्या ओसरीत, दाराच्या डाव्या हाताला, भिंतीत एक खिळा आहे. तो कोणी ठोकला हे आईलाही सांगता येत नाही. दर जानेवारीत त्या एका खिळ्यावर चार कॅलेंडरं चढतात. एक पैसे देऊन आणलेलं, बाकी तीन फुकटातली: कृषी केंद्राचं, पतसंस्थेचं आणि सोनाराचं. मागच्या वर्षीचं काढायची आमच्याकडे रीत नाही, नवं त्याच्यावरच टांगायचं. त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत तो सगळा गठ्ठा भिंतीपासून चार बोटं पुढे येतो आणि पंखा लावला की फडफडतो.

पैसे देऊन आणलेलं कॅलेंडर वाचायचं. तिथी, संकष्टी, मृगाचं वाहन कोणतं, कोल्हा की बेडूक, हे त्यात बघायचं. फुकटातली लिहायची. कृषी केंद्राच्या कॅलेंडरवर मालकाचा हसरा फोटो आणि खाली तणनाशकाची बाटली असते, पण तारखांचे चौकोन मोठे असतात. त्यात आमचं सगळं घर मावतं. दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लागलं, सालदारानं उचल कधी घेतली आणि किती, कपाशीच्या दुसऱ्या वेच्याला कोणत्या बाईनं किती किलो वेचला. मागच्या वर्षी जूनच्या एका चौकोनात भावानं 'गाय फळली' एवढंच लिहिलं आणि तिथून नऊ महिने नऊ दिवस मोजून पुढच्या कॅलेंडरवर एक गोल काढून ठेवला. आईला अक्षर येत नाही. ती तारखेवर टिकली चिकटवते. लाल टिकली म्हणजे उपास, हिरवी म्हणजे पैसे आणायला बँकेत जायचा दिवस. एकदा दोन्ही टिकल्या एकाच चौकोनात आल्या, तर तिनं बँक पुढे ढकलली.

एवढं सगळं भिंतीवर असताना मी फोनच्या कॅलेंडरच्या नादी लागलो तो लाइनपायी. ओलिताची थ्री फेज वीज आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री. पाळी बदलली की हमखास घोळ होतो. पुतण्यानं पुण्यात नवा फोन घेतला आणि जुना आयफोन मला दिला, तेव्हा त्यानंच त्यात 'लाइन, हरभरा' अशी नोंद करून दिली. वेळ झाली की फोन टुण्ण वाजायचा, मी उठायचो, शेतावर जाऊन मोटर सुरू करायचो. लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच होता, पण तो दिवाळीतच जळला. नवा आणू आणू म्हणता तुरी सोंगायला आल्या.

तर जानेवारीतली रात्र. टुण्ण वाजलं. चष्मा उशाला होता, पण उजेडलेला पडदा दिसला तेवढा पुरे म्हणून मी उठलो. दुपट्टा डोक्याला गुंडाळला, टॉर्च घेतली, रानडुकरांसाठी काठी घेतली आणि दीड किलोमीटर चालत विहिरीवर गेलो. आमच्या स्टार्टरच्या पेटीवर तीन बल्ब लावलेले आहेत. तिन्ही पेटले की समजायचं, फेज पूर्ण. तिन्ही काळेठिक्कर. म्हटलं, येईल आता. पाटाच्या काठावर बसलो. हरभऱ्यावर एवढं दव पडलं होतं की पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला आणि आंब लागून पोटऱ्या चरचरायला लागल्या. अर्धा तास गेला असेल. बाजूच्या वावरात मचाणावर जागलीला असलेला शेजारी ओरडला, "कोन हाय बे तिकडं?"

"मी हाय."

"लाइन तं आज दिवसाची हाय ना भाऊ!"

"मोबाइलनं उठवलं."

"मोबाइल लाइनमन झाला का मंग?"

त्याचं हसणं ऐकत मी खिशातून चष्मा काढला आणि फोन बघितला. हरभरा नव्हता, लाइन नव्हती. कॅलेंडरमध्ये रात्री 1:30 ची नोंद होती: 'तुमचा आयफोन सुरक्षित नाही! ताबडतोब साफ करा.' इंग्रजीत, उद्गारचिन्हासकट, आणि खाली एक लांबलचक निळी लिंक. पाटाच्या काठावर बसून मी पुढची पानं सरकवली. उद्या हेच, परवा हेच. संक्रांतीच्या दिवशी तीनदा. मी 'बियाणं बघायला जाणे' अशी नोंद केली होती, त्याच्या डोक्यावर 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस' बसला होता. आमच्या भिंतीवर चाळीस वर्षं कॅलेंडर आहे, पण रात्रीतून येऊन कोणी त्यावर लिहून गेलं असं कधी झालं नाही.

सकाळी मी ते पुसायला बसलो. माझ्या स्वतःच्या नोंदीवर बोट ठेवलं की खाली पुसून टाकायचं बटण यायचं. या परक्या नोंदींवर ते बटणच नव्हतं. वाचा, घाबरा, लिंक दाबा, एवढंच हातात. हे मला फार लागलं. माझा फोन, माझा जानेवारी, आणि त्यातला चौकोन खोडायचा अधिकार मला नाही! मी फोन दोनदा बंद करून सुरू केला. भाऊ म्हणाला, विकून टाक. आईनं विचारलं, काय लिहून आलं रे बाबू? फोनला रोग झाला म्हणून लिहून आलंय म्हटलं. तिनं फोन हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "गरम तं नाई लागत."

शेवटी बारावीतल्या पुतणीला बोलावलं. ती सरावाचा पेपर टाकून आली. आल्या आल्या तिनं जे विचारलं ते मला आवडलं नाही.

"मोठे बाबा, तुमी काई फुकट पाहात होते का?"

पाहत होतो. लपवण्यात अर्थ नव्हता. मागच्या आठवड्यात क्रिकेटची मॅच होती, पैसे भरायचे नव्हते, कुठल्याशा पानावर फुकट दिसते म्हणून गेलो. तिथं एकामागून एक खिडक्या उघडल्या. वाटेत आडव्या आलेल्या बोराटीच्या फांद्या बाजूला साराव्यात तसा मी प्रत्येक खिडकीवर ओके दाबत पुढे गेलो. मॅच दिसलीच नाही. त्यातल्याच एका खिडकीनं विचारलं होतं, हे कॅलेंडर सबस्क्राइब करायचं का? आणि मी हो म्हणालो होतो.

"मंग नोंदी कायले पुसून राहिले?" पुतणी म्हणाली. "पान कायले फाडता? खिळ्यावरून कॅलेंडरच काढा ना."

तोवर मला वाटत होतं, फोनमध्ये एकच कॅलेंडर असतं आणि त्यावर कोणीतरी घाण करून गेलं. तसं नसतं. आमच्या ओसरीतल्या खिळ्यासारखाच तिथं एक खिळा असतो आणि त्यावर कितीही कॅलेंडरं टांगता येतात. फरक एवढाच की फोनमधली कॅलेंडरं काचेची असल्यासारखी असतात. चारही एकदम आरपार दिसतात, म्हणून सगळ्यांचं लिखाण एकाच चौकोनात आल्यासारखं वाटतं. टांगलेल्यांपैकी एक दुसऱ्याच कोणाचं होतं. त्यावर लिहिणारा तो, बदलणारा तो. माझा फोन मधूनमधून त्याच्याकडे जाऊन नवीन पान काय आलं ते घेऊन यायचा. म्हणून खोडायचं बटण नव्हतं. दुसऱ्याच्या वहीत मी काय खोडणार?

मुळात ही सोय चांगल्या कामासाठी केलेली. आयकॅलेंडर नावाचा एक नमुना 1998 मध्ये ठरला, 2009 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. तारीख, वेळ, कुठे, काय आणि आठवण कधी द्यायची, हे कोणत्याही कंपनीच्या फोनला कळेल अशा साध्या मजकुरात लिहायची ती पद्धत. शेवटी 'आयसीएस' लिहिलेली फाइल दिसली की समजायचं, हेच ते. शाळेनं सुट्ट्यांचं, संघानं सामन्यांचं कॅलेंडर काढायचं, लोकांनी ते आपल्या खिळ्यावर टांगायचं आणि सामना पुढे गेला तर तारीख आपोआप बदलायची. आता आठवण द्यायची सोय आहे म्हटल्यावर, पडद्यावर येऊन टुण्ण वाजवायचा परवाना फुकटात मिळतो हे कोणाच्या तरी लक्षात येणारच. बाजारात भोंगा लावून विकायला बंदी केली तर माणूस देवळाची घंटा वाजवून विकेल, त्यातला प्रकार.

व्हायरस म्हणाल तर कुठेच नव्हता. नोंद नुसती येऊन बसते, फोनच्या आत काही शिरत नाही. शिरकाव होतो तो घाबरून निळ्या लिंकवर बोट ठेवलं तर. रोग झाला म्हणून सांगणाराच औषध विकायला बसलेला, हे आम्हाला फवारणीच्या दिवसांत नवीन नाही.

पुतणीनं एक नोंद उघडली आणि अगदी तळाशी गेली. मी तिथपर्यंत कधी गेलोच नव्हतो, वरचं वाचूनच माझं रक्त आटत होतं. तळाला बारीक ओळ होती: या कॅलेंडरमधून अनसबस्क्राइब करा. तिनं दाबलं, फोननं नक्की का म्हणून विचारलं, तिनं परत दाबलं. सगळा जानेवारी एका क्षणात धुतल्यासारखा झाला. 'बियाणं बघायला जाणे' एकटंच उरलं. जुन्या फोनमध्ये ती ओळ नसते, असं ती म्हणाली. तिथं कॅलेंडर उघडून खालच्या यादीत जायचं, अनोळखी नाव शोधायचं, त्याच्या बाजूच्या गोलातला इंग्रजी 'आय' दाबायचा आणि तळाशी जाऊन ते अख्खं कॅलेंडर डिलीट करायचं. शेतातला कुंदा वरून कितीही कापा, पुन्हा फुटतो, खालून खोदून गड्डा काढावा लागतो. भावाला ही उपमा पटली. त्यानं दोन वर्षं कुंदा खोदलाय.

आई मघापासून खांद्यावरून बघत होती. गेलं का म्हणाली. गेलं म्हटल्यावर तिनं दाराकडे हात केला आणि मोठ्यानं म्हणाली, "रोगराई घेऊन जाय गे मारबत!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, भल्या पहाटे गावाच्या शिवेवर पळसाच्या फांद्या फेकताना म्हणायची आरोळी ही. जानेवारीत मारबत निघत नाही, पण कोणी हरकत घेतली नाही.

मग भावानं हळूच आपला फोन पुढे केला. त्याचा अँड्रॉइड. त्याच्या कॅलेंडरमध्ये कुठल्याशा परदेशी बाईची 'मीटिंग' होती, दर शुक्रवारी. वहिनी चहा घेऊन आली होती, ती तिथंच उभी राहिली. ही भानगड निराळी निघाली. यात त्यानं काही टांगून घेतलेलं नव्हतं, ईमेलनं आवतण आलं होतं, आणि गुगल कॅलेंडरमध्ये कोणाचंही आवतण आलं की परस्पर लिहून घ्यायचं असं सेटिंग होतं. आपल्याकडे लग्नाची पत्रिका देणारा दारात पत्रिका ठेवतो, सुपारी देतो, पाणी पितो, जातो. घरात शिरून आपल्याच पेनानं आपल्याच कॅलेंडरवर लग्न लिहून जात नाही. पुतणीनं ते सेटिंग बदलून 'पाठवणारा ओळखीचा असेल तरच' असं केलं. भाऊ त्या मीटिंगला 'नाही' दाबायला निघाला होता, तर तिनं त्याचा हात धरला. नाही म्हटलं तरी पाठवणाऱ्याला निरोप जातो आणि इथं माणूस राहतो हे त्याला कळतं. त्यापेक्षा संगणकावर उघडून स्पॅम म्हणून कळवायचं. 2016 च्या नोव्हेंबरात ॲपलची आयक्लाउड सेवा वापरणाऱ्यांच्या कॅलेंडरात स्वस्त गॉगलच्या आवतणांचा असाच पूर आला होता. तेव्हाही लोक 'नाही' दाबत बसले आणि नाही म्हणणं म्हणजे हजेरी लावणं ठरलं. नंतर डिसेंबरात ॲपलला 'जंक' म्हणून कळवायचं बटण द्यावं लागलं. वहिनी हे सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "दर शुक्रवारीच कायले पन?" त्याचं उत्तर पुतणीकडेही नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. फोनचं कॅलेंडर साफ झाल्यावर मी उत्साहात त्यात पोळा टाकायला गेलो. 2025 मध्ये पोळा 22 ऑगस्टला होता, म्हणून फोनला सांगितलं, दर वर्षी 22 ऑगस्ट. फोन लगेच तयार. आई म्हणाली, पोळा अमावस्येला असतो. बरोबर. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा पोळा थेट 14 सप्टेंबरला गेला होता. नुसत्या इंग्रजी तारखेवर 'दर वर्षी' म्हणणाऱ्याच्या हाती बैल दिले तर भलत्याच दिवशी धुवायला काढेल. ती नोंद मी पुसली. तिला पुसायचं बटण होतं.

लाइनची आठवण मात्र फोनमध्येच ठेवली, पाळी नीट बघून. आणि ऑटो स्विच आणायला दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो. स्विच घेतला, बाजूच्या कृषी केंद्रातून युरियाच्या दोन बॅगा घेतल्या, पैसे दिले, बॅगा मोटरसायकलला बांधल्या. गाडीला किक मारणार तेवढ्यात आठवलं म्हणून परत आत गेलो.

"शेठ, नवीन कॅलेंडर आलं असन ना?"

"घरी गेलं तुमच्या, भाऊ घेऊन गेला."

"द्या ना अजून एक."

त्यानं दिलं. मालकाचा फोटो, खाली बाटली, चौकोन चांगले मोठे. घरी आणून मी ते खिळ्यावर टांगलं. पाचवं.